केनियाचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्या

एक मजकूर सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: बँक गरिबाकडे सातबारा, पगाराची स्लिप, जामीनदार मागते, मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपला यातलं काही लागत नाही. माणूस कोणाला फोन करतो, रिचार्ज कधी मारतो यावरून तो कर्ज फेडेल की नाही हे मशीन ओळखतं. केनियाने हे केलं आणि जवळजवळ दोन लाख कुटुंबं गरिबीतून वर आली. आपल्या रिझर्व्ह बँकेने मात्र 2022 मध्ये ॲपना कॉल लॉग आणि कॉन्टॅक्ट वाचायला बंदी केली आणि गरिबाला पुन्हा सावकाराच्या दारात नेऊन उभं केलं.

वाचायला झकास आहे. म्हणून तर फिरतोय.

आधी ती दोन लाख कुटुंबं. आकडा हवेतला नाही. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांचा अभ्यास 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात 1,94,000 कुटुंबं, म्हणजे केनियातली सुमारे 2 टक्के, गरिबीतून बाहेर आल्याचा अंदाज आहे. पण तो अभ्यास एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सोयीचा आहे, आणि मार्च 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही कर्जाची योजना नव्हतीच. नैरोबीत राबणाऱ्याने कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख भरायची, गावाकडे घरच्यांनी तिथल्या एजंटकडून ती काढायची, एवढंच. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको; मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर तिथल्या पिढ्या वाढल्या. अभ्यासकांनी 2008 ते 2010 या काळात कुठे किती एजंट वाढले ते पाहिलं आणि तिथल्या कुटुंबांचं पुढे काय झालं ते तपासलं. मोबाइलवरच्या नोंदी बघून कर्ज देणारी एम-श्वारी आली नोव्हेंबर 2012 मध्ये. अभ्यासाने श्रेय दिलं ते चार पैसे बाजूला पडण्याला आणि अडीनडीला तग धरता येण्याला. सुमारे 1,85,000 बायका शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या, हाही त्याच अभ्यासातला अंदाज. कर्जाच्या ॲपने हा आकडा स्वतःच्या नावावर लावणं म्हणजे शुद्ध उचलेगिरी.

‘मशीन ओळखतं’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका दूरसंचार कंपनीच्या फोनच्या नोंदींवर डॅनियल ब्योर्कग्रेन आणि डॅरेल ग्रिसन यांनी काम केलं. फोनच्या वापरावरून कर्जदारांचे जोखमीनुसार पाच भाग पाडले, तर सर्वांत जोखमीच्या भागात कर्ज बुडण्याचं प्रमाण सर्वांत सुरक्षित भागाच्या 2.8 पट निघालं. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने ही सोन्यासारखी माहिती. पण ती त्याचा पैसा परत येईल का हे सांगते. घेणाऱ्याचं भलं होईल का, हा प्रश्न त्या गणितात नसतोच.

तो प्रश्न एम-श्वारीबद्दल वेगळा विचारला गेला. सुरी, प्रशांत भारद्वाज आणि जॅक यांनी पात्रतेच्या गुणांच्या सीमारेषेवरचे लोक तपासले: थोडक्यात पात्र ठरलेले आणि थोडक्यात हुकलेले. आजारपण किंवा तसंच संकट आल्यावर गरजेच्या खर्चाला कात्री लावावी लागण्याचं प्रमाण पात्र ठरलेल्यांत 6.3 टक्के-बिंदूंनी कमी होतं. हा फायदा खरा आहे. अडचणीच्या वेळी हातउसने मिळाल्याचा फायदा, आणि तो तेवढाच मोजावा.

आता सावकाराचं दार. एम-श्वारीचं शुल्क 30 दिवसांना साडेसात टक्के. त्याला व्याज म्हणत नाहीत, शुल्क म्हणतात. हिशेब मात्र शेकडा साडेसात महिना असाच होतो, साध्या गुणाकाराने वर्षाला 90 टक्के. आपल्याकडे शेकडा पाचने पैसे लावणाऱ्याला गाव काय म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

उरली रिझर्व्ह बँकेची बंदी, आणि इथे तो मजकूर सपशेल आपटतो. एम-श्वारी कॉन्टॅक्ट लिस्ट वाचून गुण देत नव्हती. एम-पेसा चालवणाऱ्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीकडे स्वतःच्याच नोंदी होत्या: रिचार्ज किती, एम-पेसाची उलाढाल किती. त्या पुरेशा होत्या. मग कॉन्टॅक्ट लिस्ट लागते कशाला? वसुलीला. हप्ता चुकला की मेहुण्याला, शेठला, शाळेतल्या बाईंना फोन. फोटोत फेरफार करून ते नातेवाइकांना पाठवणं. आपल्याकडे या छळापायी लोकांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021 मध्ये सुमारे 1100 कर्ज-ॲप सापडली, त्यातली 600 बेकायदा. आणि ज्या केनियाचं नाव घेऊन बंदीवर टीका चाललीय, त्या केनियाने मार्च 2022 च्या नियमांत थकबाकीसाठी ग्राहकाच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना निरोप धाडण्यावर बंदी घातली. आपली मार्गदर्शक तत्त्वं आली सप्टेंबरमध्ये.

शिवाय आपल्याकडे सगळी माहिती बंद झालेली नाही. खातेदाराच्या संमतीने बँकेतल्या नोंदी कर्ज देणाऱ्याला दाखवण्यासाठी 2021 पासून ‘अकाउंट ॲग्रीगेटर’ची सोय आहे. तिची मर्यादा वेगळी: घरकामाचा पगार रोखीत घेणाऱ्या बाईचं त्यात काहीच दिसणार नाही.

फोनच्या नोंदीतही ती कितपत दिसेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के निघाल्या. ग्रामीण भागात निम्म्याहून कमी. जिथे एकच फोन घरभर फिरतो, तिथे मशीन नेमकं कोणाला ओळखणार? उलट बचत गटाच्या वहीत तिची दर महिन्याची बचत आणि परतफेड तारखेनिशी लिहिलेली असते. बँका 1992 पासून त्या वहीवर कर्ज देत आल्या आहेत.

सर्वांत गरिबांना फोनच्या नोंदींचा उपयोग झाला तो पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशात, तोही कर्जासाठी नव्हे. कोविडच्या काळात नोव्हिसी या सरकारी मदत योजनेत फोनच्या नोंदींवरून गरीब शोधून त्यांच्या मोबाइल खात्यात थेट पैसे टाकले. फक्त भाग बघून निवड करण्यापेक्षा यात खरे गरीब कमी सुटले. पण घरोघरची नीट नोंदवही असती तर त्याहून कमी सुटले असते, हेही त्याच अभ्यासकांनी मांडलंय.

केनियात पुढे काय झालं, हे त्या मजकुरात नाही. कर्जाचा इतिहास नाही म्हणून बँकेने ज्यांना उभं केलं नव्हतं, त्यांचा इतिहास ॲपमुळे तयार झाला, आणि तो थकबाकीदाराचा. किरकोळ रकमांपायी लोक क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कोणी कर्ज फेडलं-बुडवलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, काळ्या यादीत गेले. शेवटी एप्रिल 2020 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने 1000 शिलिंगांखालच्या थकबाकीसाठी यादीत नाव घालणं थांबवलं आणि नियंत्रणाबाहेरच्या ॲपवाल्यांना ब्युरोकडे नावं धाडण्याची मुभाच काढून घेतली.