वासारी थापाड्या? हो, आणि तरीही

‘मोनालिसाला भुवयाच नाहीत आणि हा वासारी भुवयांच्या केसांचं कौतुक करतो! कशाला वाचायची असली जुनी चरित्रं?’ आज पुन्हा हेच ऐकलं आणि डोकं फिरलं. हा वासारी म्हणजे सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार, कलावंतांच्या चरित्रांचं जाडजूड पुस्तक लिहिणारा.

भुवयांचं खरंय. चित्र फ्रान्सात, वासारी फ्लॉरेन्सात, वर्णन ऐकीव. पण ती जोकोंदो नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याची बायको लिसा, हेही त्यानंच सांगितलंय. त्यावर नाकं मुरडून झाली, मग २००५ मध्ये हायडेलबर्गच्या ग्रंथालयात रोमन लेखक सिसेरोच्या एका छापील प्रतीच्या समासात ऑक्टोबर १५०३ चं टिपण सापडलं: लिओनार्दो लिसा देल जोकोंदोचं चित्र करतोय. आता बोला.

मला खरा राग येतो तो कास्तान्योच्या प्रकरणाचा. वासारी सांगतो, तैलरंगाच्या गुपितापायी चित्रकार आंद्रेआ देल कास्तान्योनं दुसरा चित्रकार दोमेनिको व्हेनेत्झियानो याला रात्री गाठून शिशाच्या तुकड्यांनी मारलं, खोलीवर येऊन चित्र काढत बसला आणि लोक बोलवायला आले तेव्हा ‘भाऊ गेला’ म्हणून रडला. वाचताना अंगावर काटा येतो. पण कास्तान्यो १४५७ मध्ये प्लेगनं गेला आणि दोमेनिको १४६१ मध्ये! मेलेल्या माणसानं चार वर्षांनी खून कसा केला? ही वावडी वासारीच्या आधीपासून होती, मान्य. पण चव्हाट्यावर त्यानं मांडली, आणि एका चित्रकाराच्या कपाळी तीनशे वर्षं खुनी हा शिक्का बसला. याला माफी नाही.

आणि हाच माणूस कागद हातात आला की कसा बदलतो बघा. चित्रकार गिरलांदायोकडून मायकेलअँजेलो काहीच शिकला नाही, असं मायकेलअँजेलोचा शिष्य आणि चरित्रकार कोंदिवी यानं १५५३ मध्ये लिहिलं. बोलविता धनी स्वतः मायकेलअँजेलोच. वासारीनं आपल्या पुस्तकाच्या १५६८ च्या आवृत्तीत गिरलांदायोच्या हिशेबवहीतली नोंदच उतरवली: १ एप्रिल १४८८, तीन वर्षांची उमेदवारी, पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १० फ्लोरिन. ज्याला देव मानलं त्याचीच थाप वहीनं पकडली! कास्तान्योच्या वेळी अशी एखादी वही का नाही रे शोधलीस, बाबा?

व्हेनिसवाल्यांना त्यानं हातचं राखून दाद दिली, हेही खरं. पण पुस्तकाच्या सुरुवातीचं तंत्राचं प्रकरण वाचा, भिंतीवरच्या फ्रेस्को चित्रांचं. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा लावायचा. चुना वाळला की रंग धरत नाही. वाळल्यावर सरस किंवा अंड्याच्या बलकात कालवून डागडुजी केली, तर रंग गढुळतो आणि पुढे काळा पडतो. हे कुंचला चालवलेला माणूसच लिहू शकतो. संक्षिप्त अनुवादांत बहुधा हाच भाग गाळतात, म्हणून प्रत घेताना आधी अनुक्रमणिका बघा. चौदाव्या शतकातले चित्रकार दंतकथा म्हणून वाचा. त्याच्या डोळ्यांदेखत वावरलेले लोक मात्र सावकाश वाचा.

आणि कास्तान्योचं पान आलं की पेन्सिलीनं समासात लिहा: १४५७, १४६१.