दाखवलेलं पिनकुशन, न दाखवलेला मुखवटा

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. होदिनोशोनी म्हणजे लांब घरातले लोक, उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि अठराव्या शतकात येऊन मिळालेले टस्करोरा, अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. फ्रेंचांनी त्यांना इरोक्वा म्हटलं आणि पुस्तकांतून तेच रुळलं. त्यांच्या कलेवर लिहिताना मी निम्मा लेख नायगाराच्या पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या मण्यांच्या पिनकुशनांवर, म्हणजे टाचण्या खोचायच्या छोट्या उशांवर, खर्च केला. तुमचं म्हणणं असं: मणी युरोपातले, मखमल युरोपातली, गिऱ्हाईक गोरं, मग यात ‘मूळनिवासी’ काय उरलं? शिवाय त्यांचे लाकडी मुखवटे जगप्रसिद्ध असताना मी एकाचंही छायाचित्र दिलं नाही. आणि डचांशी झालेल्या कराराची खूण मानला जाणारा दोन रांगांचा वॉम्पम पट्टा (मण्यांचा विणलेला पट्टा) १६१३चा, असं मी बेधडक लिहिलं.

शेवटचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. १६१३चा करार म्हणून जो डच कागद दाखवतात तो १९६८मध्ये छापून आला, आणि १९८७मध्ये अभ्यासकांनी त्यातली भाषा तपासून तो बनावट असल्याचं दाखवून दिलं. वर्ष लिहिताना हे सांगायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘कागद खोटा, म्हणजे पट्ट्याची गोष्टही गेली’ हे तुमचं पुढचं वाक्य मी मान्य करणार नाही. वॉम्पमचे मणी शंखशिंपल्यांचे, पांढरे आणि जांभळे. बोलणी करताना पट्टा हातात धरून बोलायचं, आणि पुढे ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांनी तो वेळोवेळी लोकांपुढे आणून वाचून दाखवायचा, ही त्यांची दप्तर सांभाळायची रीत आहे. दोन रांगांच्या पट्ट्यात पांढऱ्यावर जांभळ्याच्या दोन समांतर ओळी असतात. एक त्यांची होडी, दुसरी गोऱ्यांचं जहाज. नदी एकच, पण दुसऱ्याच्या सुकाणूला हात लावायचा नाही. २०१३च्या उन्हाळ्यात मूळनिवासी आणि बाकीचे लोक हडसन नदीतून दोन रांगांत होड्या वल्हवत न्यूयॉर्कपर्यंत गेले, ते याच पट्ट्याचं स्मरण म्हणून. ॲलन मायकेलसन या मोहॉक कलावंताने २००५मध्ये कॅनडातल्या ग्रँड नदीचे दोन काठ व्हिडिओत टिपले, एकीकडे सहा राष्ट्रांची राखीव जमीन आणि समोर बाकीचा कॅनडा, आणि ती दृश्यं याच पट्ट्याच्या रचनेत, जांभळ्या रंगात मांडली. न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयाकडून बारा पट्टे ओनोंडागांना परत मिळायला १९८९ साल उजाडावं लागलं. शोभेच्या वस्तूसाठी कोणी इतकी वर्षं भांडत नाही. तुम्ही कागदाला पुरावा आणि पट्ट्याला दागिना मानता आहात. त्यांच्याकडे पट्टा हाच दस्तऐवज आहे.

आता पिनकुशन. मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहते. इथून अर्ध्या तासावर गनोन्डागन आहे, सेनेकांचं मोठं गाव, जे १६८७मध्ये फ्रेंच फौजेने मक्याच्या साठ्यांसकट उद्ध्वस्त केलं. आज तिथे सेनेका कला आणि संस्कृतीचं केंद्र आहे. मण्यांचं काम करणाऱ्या एका बाईंनी तिथे मला नुसत्या हाताने दाखवलं होतं: सुईवर जागेला पुरतील त्यापेक्षा दोनचार मणी जास्त घ्यायचे आणि टाका तेवढ्याच जागेत घालायचा. मग ओळ आपोआप कमानीसारखी उठते. मखमलीवरची पानं, पक्षी, स्ट्रॉबेरी अशी फुगून येतात. मी किती वेळ बघत राहिले हे मला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात हा उठाव नायगारापाशी बसून विकणाऱ्या टस्करोरा बायकांनी आणि मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक बायकांनी कमालीच्या उंचीला नेला. नायगाराला माल विकायचा हक्क १८१२च्या युद्धातल्या मदतीबद्दल मिळाला, असं टस्करोरा सांगतात. जमिनी गेल्या, शिकारीचे मुलूख गेले, त्या काळात या उशांवर घरं चालली. आकार गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याचा, हे खरंच. पण स्ट्रॉबेरी त्यांच्या श्रद्धेत आकाशलोकाच्या वाटेवर उगवणारं फळ आहे, आणि तिच्या हंगामात आभाराचा विधी होतो. घेणाऱ्या बाईला ते ठाऊक नसेल. करणारीला ठाऊक होतं.

मणी युरोपातले, हा मुद्दा तर मला फारच तोकडा वाटतो. आपल्या मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे असतात. ती काच कोणत्या भट्टीतली, यावरून त्या दोऱ्याचा अर्थ कोणी ठरवत नाही.

एक उदाहरण देते. कॅरोलाइन पार्कर ही न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा या राखीव वस्तीतली सेनेका मुलगी. मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन १८४९च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यासाठी सेनेका वस्तू जमवत होता, त्यात तिने केलेले कपडे होते. घाटदार घागऱ्यावर काचेच्या मण्यांचं झाड, कडेला आकाशाच्या घुमटाच्या कमानी. मार्च १९११मध्ये राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या राज्य भवनाला आग लागली आणि त्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. जे वाचवता आलं ते वाचवायला धावलेला माणूस आर्थर पार्कर, कॅरोलाइनच्या भावाचा नातू. पुढे रॉचेस्टरच्या संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने १९३५ ते १९४१ या मंदीच्या वर्षांत सरकारी रोजगार योजनेतून टोनावांडा आणि कॅटरॉगस या राखीव वस्त्यांतल्या सेनेका कारागिरांना पगारी काम दिलं. त्यांनी सुमारे ५००० वस्तू घडवल्या. जुन्याच्या प्रती म्हणून सुरू झालेलं हे काम पुढच्या पिढ्यांची शाळा ठरलं. सेनेका चित्रकार अर्नेस्ट स्मिथची चित्रं याच योजनेतली. तुमच्या कसोटीवर हे सगळंच ‘अस्सल नाही’ म्हणून बाद होईल. मग या दोनशे वर्षांत हे लोक काय करत होते, याचं उत्तर कुठे शोधायचं?

शेली नायरो ही मोहॉक कलावंत. १९९०मध्ये कॅनडातल्या ओका इथे मोहॉकांच्या जमिनीवरून झालेल्या संघर्षानंतर तिने आपल्या बहिणींना नटवून, केसांचे उंच बुचडे बांधून कॅनडातल्या ब्रँटफर्ड शहराच्या रस्त्यांवर त्यांचे फोटो काढले. नंतरच्या एका मालिकेत फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याला हाताने भोकं पाडून तिने मणीकामाची नक्षी उठवली. पिनकुशनं वगळली तर ती चौकट कळणारच नाही.

राहिले मुखवटे. पार्करच्या योजनेत तेही कोरले गेले, संग्रहालयांनी मांडले, पुस्तकांनी छापले. १९९५मध्ये होदिनोशोनी महापरिषदेने स्पष्ट सांगितलं की या मुखवट्यांची विक्री, प्रदर्शन, छायाचित्रण होऊ नये; ते उपचाराच्या विधींचे आहेत आणि ज्यांचे आहेत त्यांच्याकडेच असावेत. अनेक संग्रहालयांनी ते दालनांतून काढले. तुम्ही म्हणता तसे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण म्हणून मला मुभा मिळत नाही. कोणती वस्तू बाहेरच्याला दाखवायची, कोणती विकायची आणि कोणती घरात ठेवायची हे त्यांनी स्वतः ठरवलं आहे, आणि माझ्या मते त्यांच्या कलेच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे. लेखात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं, त्यामुळे तुम्हाला तो निष्काळजीपणा वाटला, हे बरोबरच आहे. आता तिथे हा खुलासा जोडला आहे. चित्र मात्र टाकणार नाही.