साभार परतीची हमी

मराठवाड्यात बसून गुन्हेकथा लिहिणाऱ्या आणि ती पुण्या-मुंबईच्या संपादकांकडे पाठवू पाहणाऱ्या होतकरू लेखकांना मार्गदर्शन करणारे फारसे कोणी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आपली कादंबरी निश्चितपणे, शक्यतो पहिल्या प्रकरणाच्या आतच, साभार परत यावी अशी ज्यांची मनापासून इच्छा असेल, त्यांनी पुढील सूचना काटेकोरपणे पाळाव्यात.

सर्वप्रथम, आपल्या अवतीभवती जे घडते त्यातले काहीही कथेत येऊ देऊ नये. बांधावरून उगारलेली कुऱ्हाड, फेरफारात परस्पर चढलेले नाव, मोंढ्यातली उधारी, मुकादमाने ऊसतोड कामगाराला दिलेली उचल, या गोष्टी संपादकाने कदाचित कधीच वाचलेल्या नसतील, आणि नवीन काही वाचायला मिळाले की संपादक पुढचे पान उलटतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्यामुळे इकडचे कितीतरी जुने महसुली कागद उर्दूत आहेत, आणि ते वाचून दाखवणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने इनामी जमिनीच्या कागदातली एकच ओळ जाणूनबुजून चुकीची वाचली तर काय होईल, असा विचार मनात आल्यास तो ताबडतोब झटकावा, कारण त्यातून चांगली कादंबरी होण्याचा धोका आहे. त्याऐवजी धुके, पियानो असलेला बंगला आणि पाईप ओढणारा खासगी गुप्तहेर आणावा. स्थानिक रंग हवाच असेल तर देवगिरी किल्ल्याच्या ‘अंधारी’ या काळोख्या भुयारी वाटेत एक प्रेत ठेवावे, किंवा ते मांजरा नदीच्या पुरात वाहत आणावे, मात्र प्रसंग एप्रिलमधला असावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे संपादकाच्या कानावर गेलेच नसेल असे खुशाल गृहीत धरावे.

पोलीस ठाण्याची पायरी चढून कामकाज समजून घेण्याचा मोह टाळावा. पंचनाम्याला पंच कसे मिळतात, मिळालेले पंच पुढे कोर्टात कसे फितूर होतात, अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा गुन्हा केव्हा होतो, स्थानिक गुन्हे शाखेचे लोक आले की ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याचा चेहरा का पडतो, हे सारे माहीत झाल्यास आपली कल्पनाशक्ती संकोचेल. आपल्या फौजदाराने प्रत्येक आरोपीला ‘तीनशे दोन लावीन’ एवढेच सांगावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले आणि त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला मात्र जुनेच कलम राहिले, ही माहिती निरुपयोगी समजावी. मृत्यू मध्यरात्रीच्या अलीकडचा की पलीकडचा यावर एखाद्या खटल्याचे कलम ठरू शकते, हे एखाद्या चलाख लेखकाला सुचलेच तर ते त्याचे दुर्दैव.

शवविच्छेदन नेहमी रात्री बारा वाजता, ग्रामीण रुग्णालयात, कंदिलाच्या उजेडात करावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली खरी, परंतु ती पुरेशा सोयी असलेल्या रुग्णालयांना; आणि खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिल्याखेरीज, त्यातून वगळली. म्हणजे ज्या प्रेतासाठी आपण तीनशे पाने लिहिली, नेमके तेच सकाळपर्यंत थांबते. त्या रात्री शवागाराबाहेर बसलेले नातेवाईक, त्यांच्यातली कुजबूज, आणि सगळ्यांना आग्रहाने चहा पाजणारा तो एक पाहुणा, यांच्याकडे लक्ष देऊ नये. शेवटच्या प्रकरणात फौजदाराने दोन थपडा माराव्यात आणि आरोपीने सर्व कबूल करावे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात सिद्ध करता येत नाही, हा साक्षीपुराव्याचा जुना नियम नव्या कायद्यातही कायम आहे. पण कादंबरी तिथे संपलेली असल्यामुळे पुढची चिंता आपण कशाला करावी?

आता पाठवणीकडे वळू. सोबतच्या पत्राची सुरुवात ‘प्रिय महोदय’ अशी करावी, विशेषतः संपादक बाई असतील तर. आपण आजचे बाबूराव अर्नाळकर आहोत असे दुसऱ्याच वाक्यात लिहावे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आपली ही पहिलीच आहे, एवढा किरकोळ फरक सोडून द्यावा. पत्रात कादंबरीविषयी लिहिण्याची घाई करू नये. आपल्याला मिळालेली सन्मानपत्रे, जिल्हा परिषदेतले मेहुणे आणि प्रकाशकाच्या सोसायटीत राहणारे मावसभाऊ यांचा उल्लेख आधी यावा. वशिला नुसता असून चालत नाही, तो दिसावाही लागतो.

कथेचा सारांश मागितला असेल तर खुनी कोण हे त्यात मुळीच सांगू नये. हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. संपादकाला सारांश हवा असतो तो कथानकाचे सांधे शेवटपर्यंत जुळतात की नाही हे पाहण्यासाठी, परंतु आपण त्याला बसस्टँडवर वेळ घालवायला पुस्तक चाळणारा प्रवासी समजावे आणि शेवटी लिहावे, ‘मग खून कोणी केला? जाणून घेण्यासाठी संपूर्ण कादंबरी वाचा!’ उद्गारचिन्हे तीन असल्यास उत्तम. याहून पुढचा टप्पा म्हणजे कल्पना चोरीला जाईल या भीतीने शेवटची दोन प्रकरणे पाठवूच नयेत. (असे हस्तलिखित छापायचे ठरले तर संपादकाने खुनी स्वतःच्या जबाबदारीवर निवडायचा असतो की काय, हे मला अद्याप उमगलेले नाही.)

अक्षरजुळणी जुन्या टंकात असावी. युनिकोडमध्ये मजकूर मागितला असला तरी चौकातल्या डीटीपी केंद्रात जो फॉन्ट असेल तोच वापरावा, म्हणजे संपादकाच्या संगणकावर आपला खुनी, त्याची बायको आणि मुद्देमाल सारखेच अगम्य दिसतात आणि रहस्य अखेरपर्यंत टिकते.

वेळेचेही भान हवे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलेली आहे आणि अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, हे सर्वज्ञात आहे. म्हणूनच आपली कथा घटस्थापनेच्या सुमारास पाठवावी, एकाच वेळी सात संपादकांना पाठवावी, आणि सातही पत्ते प्रत्येकाला दिसतील अशी व्यवस्था करावी. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर ‘मिळाली का?’ असे विचारावे. सकाळी ‘वाचली का?’ असे विचारावे. दुपारी नुसते प्रश्नचिन्ह पाठवावे.

एजंट ही संस्था मराठीत जवळजवळ नाहीच, पण इंग्रजीत ती आहे असे ऐकून काहीजण लंडनच्या एजंटाला थेट मराठी हस्तलिखित पाठवतात. त्याचा साधारण पंधरा टक्के वाटा आपल्याला मान्य असल्याचे पत्रातच कळवून टाकावे. सोबत अनुवाद जोडू नये. गरज त्याला आहे.

इतके करूनही एखाद्या प्रकाशकाने होकार दिलाच, तर तो छपाईचा खर्च आपल्याकडूनच मागत असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी पैसे भरावेत, किती प्रती छापणार हे विचारू नये आणि कराराचा कागद न वाचता सही करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. म्हणजे कागद कोरा राहिला तरी कायदा लेखकाची थोडीफार बाजू घेतो. ही पळवाट बंद करण्यासाठी ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर व कायमचे’ ही ओळ आपणच आग्रहाने घालून घ्यावी, म्हणजे पुढे श्राव्य पुस्तक किंवा वेबमालिका निघाल्यास त्या व्यवहाराचा आपल्याला त्रास होत नाही.

प्रकाशन समारंभ छत्रपती संभाजीनगरात ठेवावा आणि प्रमुख पाहुणे म्हणून एखाद्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना बोलवावे. पुस्तक त्यांना व्यासपीठावरच द्यावे, आधी वाचायला देऊ नये. ते हेल्मेटच्या वापरावर पाऊण तास बोलतात आणि ते भाषण चांगले होते.