झोपेच्या ‘वनौषधी तेला’विषयी खुलासा

सांगली-मिरज परिसरातील मोबाइल गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे, की अश्वगंधा, ब्राह्मी व जटामांसी घातलेले ‘सीबीडी तेल’ निव्वळ वनौषधी आहे, सरकारने त्याला खाद्यतेल म्हणून मान्यता दिली आहे, तेव्हा ते कोणीही घ्यावे आणि झोपेच्या गोळ्या बंद कराव्यात. यातील शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण दीर्घकाळ चालू असलेली झोपेची गोळी एकाएकी थांबवल्यास निद्रानाश व अस्वस्थता उलट वाढते, क्वचित आकडीचे झटकेही येतात.

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे भांगेच्या झाडातील द्रव्य आहे. त्याने गांजासारखी नशा चढत नाही, हे खरे. परंतु ते यकृताला अपाय करू शकते आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवू शकते. आपल्या घरांतील कितीतरी वडीलधारी माणसे अशा गोळ्या घेतात, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. अमेरिकेत २०१८ साली या द्रव्याच्या औषधाला मान्यता मिळाली ती अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी, झोपेसाठी नव्हे.

मान्यतेविषयीचा घोळही स्पष्ट करायला हवा. भारतात २०२१ मध्ये अन्न म्हणून परवानगी मिळाली ती भांगेच्या बियांना व बियांच्या तेलाला, ज्यात सीबीडी जवळजवळ नसते. आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून येणारी भांग मात्र औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, असल्याने, ती असलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.