न धावलेल्या सहाशे मीटरची वेळ

आज संध्याकाळी सातवीतली माझी लेक शाळेतून आली आणि सहज सांगून गेली, "आई, आमची फिटनेस टेस्ट झाली, पण आम्ही धावलोच नाही. बाईंनी वर्गातच वेळ लिहून घेतली." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा कार्यक्रमातल्या या चाचणीत नऊ ते अठरा वर्षांच्या मुलांची उंची-वजन, लवचीकता, पोटाची व हातांची ताकद, पन्नास मीटर वेगाने धावणे आणि सहाशे मीटर धावणे किंवा चालणे पाहिले जाते. चाचणी चांगलीच आहे. पण ज्या शाळेच्या आवारात शिक्षकांच्या मोटारसायकली लावल्यावर मुलींना उभे राहायलाही जागा उरत नाही, तिथे सहाशे मीटर धावायचे कुठे?

माझ्या लहानपणी कळंब तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटीचे सर होते. काळ्या मातीचे मैदान पहिल्या पावसात चिखल होई, म्हणून ते उन्हाळ्यातच आम्हा मुलांना हाताशी धरून घमेल्यांनी मुरूम टाकून घेत, स्वतः रोलर ओढत आणि मग फक्कीने दोनशे मीटरची फेरी आखत. सहाशे मीटरच्या पहिल्या चाचणीत मी दुसऱ्या फेरीतच पोटात कळ येऊन थांबले. सर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत माझ्या शेजारी येऊन, एक शब्दही न बोलता, उरलेली सगळी फेरी माझ्या गतीने धावले.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला, फिट इंडिया चळवळ सुरू झाली. त्यानंतर शाळांसाठी सप्ताह आले, शाळांना तारे देणारी तारांकने आली, प्रमाणपत्रे आली. शिक्षण हक्क कायद्याने तर २००९ मध्येच प्रत्येक शाळेला मैदान आणि शंभरावर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांना आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक देऊ केला होता. माझ्या लेकीच्या शाळेत तो निदेशक कुठे आहे? पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा आणि खोटी वेळ मात्र ॲपवर चढवायची, हा मुलींचा अपमान आहे!

त्या बाईंवर माझा राग नाही, हेही लिहायला हवे. शिकवणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे सांभाळून त्यांनी आणखी किती करावे? शिवाय नोंदच नसती तर हा विषय आज घरात निघालाही नसता, एवढे मान्य करते.

पण नोंद सरही ठेवत. माझी वेळ त्यांनी वहीत लिहिली आणि पुढच्या महिन्यात मला पुन्हा धावायला लावले, त्याच्या पुढच्या महिन्यातही. दिवाळीपर्यंत मी न थांबता तिन्ही फेऱ्या पूर्ण करू लागले होते. धाराशिवच्या सारिका काळे यांनी खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, सुवर्ण जिंकले. आपल्या मातीतल्या मुली-मुलांना धावायला शिकवावे लागत नाही, त्यांना जागा आणि शिट्टी वाजवणारा एक माणूस द्यावा लागतो.

शनिवारी पालक सभा आहे. लेकीच्या नावापुढची ती वेळ खोडून तिला खरोखर धावू द्या, एवढेच मी मागणार आहे. आवारातल्या गाड्या तासभर बाहेर काढा, फक्की मी घेऊन येते.