सातबाऱ्यावरचे नाव आणि कौन्सिलचा फॉर्म

मित्रहो, आज सकाळी ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी ‘आपली माणसेही आता बेनिफिटवर’, म्हणजे सरकारी मदतीवर, ‘जगू लागली’ असा खेद व्यक्त केला आणि त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रीघ लागली. मी तिथे उत्तर दिले नाही, कारण रोख ज्यांच्याकडे होता त्या काकू त्याच ग्रुपमध्ये आहेत.

काकूंची उमेदीची सगळी वर्षे इथल्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात गेली आणि त्यांनी कर कधी चुकवला नाही. काका गेल्यावर घरात येणारा पैसा घटला, घरभाडे मात्र तेवढेच राहिले. निवृत्तीचे वय उलटलेल्या भाडेकरूला हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठीची मदत, आजही मागता येते. त्याहून लहानांना बहुतेक वेळा युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदतीकडे जावे लागते. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर अर्ज फेटाळला जातो, १०,००० च्या वर असेल तर वरच्या दर ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरले जाते, आणि पेन्शन क्रेडिटमधील (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांसाठीच्या मदतीतील) गॅरंटी क्रेडिट मिळत असेल तर ही मर्यादा लागूच होत नाही. काकूंची बचत १०,००० च्याही आत होती. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने त्यांनी कित्येक महिने अर्जच केला नाही. निवृत्तांना मागील फार तर तीन महिन्यांचेच मिळते; त्याआधीचे बुडाले ते बुडालेच. ते कोणामुळे बुडाले, हे आपल्या खेदकर्त्यांनी स्वतःला विचारावे.

पुढे फॉर्मवर परदेशातील मालमत्तेचा रकाना आला आणि काकूंनी प्रामाणिकपणे ‘आहे’ असे लिहिले. सातारा जिल्ह्यातील ती सामाईक जमीन. उतारा मी पाहिला आहे: भोगवटादारांत आठ नावे, त्यांपैकी तिघे मयत, काकांच्या जागी काकूंची वारसनोंद झालेली नाही आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. कौन्सिलने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या इथल्या पालिकेने, त्या वाट्याची किंमत विचारली. सुरुवातीला माझा संताप झाला. पण टेबलापलीकडच्या त्या तरुण मुलीचा त्यात काय दोष? परदेशातील मालमत्ता भांडवलात धरायची, असा नियमच आहे. गावाकडचे बंगले लपवून अर्ज करणारे आपल्यात आहेत, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु तोच नियम वाट्याला बाजारात खरोखर येईल तीच किंमत धरायला, बोजा वजा करायला आणि विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के सोडायला सांगतो. वाटप न झालेल्या जमिनीतला काकूंचा वाटा घ्यायला गिऱ्हाईक कोण येणार आहे?

कौन्सिल टॅक्स सपोर्टचेही, म्हणजे पालिकेच्या घरकरात मिळणाऱ्या मदतीचेही, तसेच. २०१३ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिलची योजना वेगळी असली, तरी निवृत्तांसाठीचे नियम देशभर सारखे आहेत. घरात एकटे राहणाऱ्याला त्याच करात मिळणारी २५ टक्के सूट तर उत्पन्न न विचारता मिळते, आणि आपले सद्गृहस्थ आईच्या फ्लॅटवर ती वर्षानुवर्षे घेत आहेत. ते बेनिफिट नव्हे, ती ‘सवलत’, असे त्यांचे म्हणणे असावे!

ज्यांच्या घरी असे फॉर्म लाजेपायी पडून आहेत, त्यांनी मला खासगीत कळवावे. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर मी करून देईन, आणि ते ग्रुपवर कोणाला कळणार नाही.