वर्गणीचा पत्ता

डोमिनियन हा डोनल्ड एक्स. व्हॅकारिनोने रचलेला, २००८ साली आलेला पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाला सात कॉपर, म्हणजे एकेका नाण्याचे पत्ते, आणि तीन इस्टेटी, म्हणजे गुणांचे पत्ते, मिळतात. दर पाळीला पाच पत्ते उचलायचे, नवे विकत घ्यायचे, आपला गठ्ठा सुधारत न्यायचा. ज्याचा त्याचा संसार. भांडणाची सोय अटॅकचे पत्ते करतात. त्यात आपलीही भर असावी म्हणून मी 'वर्गणी' नावाचा पत्ता बनवला. किंमत चार. खेळणाऱ्याला दोन नाणी, बाकीच्यांनी हातातला एकेक पत्ता टाकून द्यायचा.

मुळातला मिलिशिया हा अटॅकचा पत्ताही चारलाच मिळतो, दोनच नाणी देतो, पण पुढच्याच्या हातात तीनच पत्ते ठेवतो. म्हणजे पाचातले दोन गेले. माझा एकच घेतो! त्या मानाने 'वर्गणी' मला अगदीच सोज्वळ वाटत होती.

पुतणीने मात्र आधी व्हिलेज नावाचे पत्ते गोळा केले. व्हिलेज असली की एका पाळीत वर्गणीसारखी अ‍ॅक्शनवर अ‍ॅक्शन खेळता येते. तिने वर्गणी लावली. पुन्हा लावली. पुन्हा लावली. मेहुण्याच्या हातात शेवटी दोन इस्टेटी उरल्या, आणि इस्टेटीला गुण असला तरी तिने बाजारात काही मिळत नाही.

"दाजी, एका गल्लीत मंडळं किती?" त्याने विचारलं.

मिलिशियातली मेख तेव्हा दिसली. तीन पत्ते उरलेल्या माणसावर दुसरा मिलिशिया सोडला तरी त्याचं काही बिघडत नाही. मग मीही ओळ घातली: 'हातात चार किंवा जास्त पत्ते असतील तरच.' वर्गणी एकदम सभ्य झाली, आणि सभ्य झाल्यामुळे कोणी घेईना. किंमत तीनवर आणली, तर नवीनच भानगड. सुरुवातीची सात नाणी पहिल्या दोन पाळ्यांत बहुतेकदा चार-तीन अशी येतात. चारचे दोन पत्ते त्यात बसत नाहीत, तीनचे बसतात. बायकोने दोन्ही पाळ्यांत वर्गणीच घेतली आणि तिसऱ्या पाळीपासून वसुलीला लागली. एका नाण्याच्या फरकाने माणूस इतका बदलतो, हे लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

मुळातल्या पत्त्यांचंही सगळं सुरळीत नव्हतं म्हणा. त्यातला चोर, म्हणजे थीफ, पुढच्याचे कॉपर उडवायचा आणि गठ्ठा हलका करून उलट त्याचंच भलं करायचा. २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला काढून टाकलं. माझ्या घरात मात्र पत्ता काढायचा नव्हता, मला काढायचं चाललं होतं.

म्हणून निवड दिली: एक पत्ता टाका, नाहीतर एक कॉपर घ्या. आता प्रत्येक वर्गणीला मेहुणा हातातले पत्ते पंख्यासारखे धरून विचारात पडतो. तेवढ्यात बायको कुकर लावून येते.

मग पुतणीने गुपचूप स्वतःचा पत्ता बनवला. किंमत दोन, नाव 'घरी कोणी नाही'. हातातून दाखवला की अटॅक लागू नाही. मुळातला मोट, म्हणजे खंदकाचा पत्ता, करतो तेच, फक्त वर दाराला लावलेल्या कुलपाचं चित्र. सगळ्यांनी पहिल्याच पाळ्यांत तो उचलला. माझ्या वर्गणीच्या दहाच्या दहा प्रती टेबलावर तशाच पडून आहेत, आणि मेहुण्याचं म्हणणं, कुलपाची किंमत पाच करा, सोसायटीत सगळ्यांकडे कुलूप असणं बरं दिसत नाही.